संधिवातासोबत दमा असताना धाप लागली, तर ती कशाची हे आधी ठरवावे

आपण आपल्या आईंविषयी लिहिले आहे. त्यांचे वय 58 आहे. रुमॅटॉइड संधिवात, ज्याला आपल्याकडे बरेच जण आमवात म्हणतात, आठेक वर्षांपासून आहे आणि दमा त्याच्याही आधीपासून आहे. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, सांधे फार दुखले तर वेदनाशामक गोळी आणि दम्यासाठी पंप, असे उपचार चालू आहेत. गेल्या काही महिन्यांपासून जिना चढताना धाप लागते, कोरडा खोकला येतो आणि पंपाने पूर्वीसारखा आराम पडत नाही. बोटे वाकडी झाल्यामुळे पंप नीट दाबताही येत नाही. छातीचे डॉक्टर आणि सांध्यांचे डॉक्टर वेगवेगळे असून एकाने दिलेले औषध दुसऱ्या आजाराला चालेल का, ही शंका आपल्याला सतत सतावते. त्यातच गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला असून ती त्यांना झेपेल का, असे आपण शेवटी विचारले आहे.

सर्वात आधी हे सांगतो की आईंची आताची धाप दम्याचीच आहे असे धरून पंपाची मात्रा वाढवत राहू नये. दमा जुना असला की घरचे, स्वतः रुग्ण आणि कधी कधी डॉक्टरही प्रत्येक खोकला आणि प्रत्येक धाप दम्याच्या खात्यात टाकून मोकळे होतात. रुमॅटॉइड संधिवात असलेल्या माणसाच्या बाबतीत हा समज महागात पडतो, कारण हा आजार केवळ सांध्यांचा नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते तेव्हा सांध्यांच्या अस्तराबरोबर फुप्फुसे, फुप्फुसांचे आवरण, श्वासनलिका, हृदय आणि रक्त यांनाही झळ बसू शकते. म्हणजे आईंच्या छातीत जुना दमा आहेच, पण त्याच्या शेजारी संधिवाताने केलेली दुसरी इजा असू शकते, औषधाचा परिणाम असू शकतो किंवा या दोन्हींशी संबंध नसलेला तिसराच आजारही असू शकतो.

दम्यात श्वासनलिका सुजतात आणि आकुंचन पावतात. हे आकुंचन बदलते असते: आज त्रास, उद्या बरे, रात्री आणि पहाटे जास्त, धूळ, धूर किंवा थंड हवा लागली की वाढ, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज, आणि पंप घेतला की काही मिनिटांत छाती मोकळी. संधिवातात फुप्फुसाला होणारी जी इजा मला सर्वात महत्त्वाची वाटते, तिला डॉक्टर आयएलडी म्हणतात. तिच्यात हवेच्या सूक्ष्म पिशव्यांच्या भिंती सुजून जाड होतात आणि पुढे तेथे व्रण धरतात. ही धाप हळूहळू, महिन्यामहिन्यांनी वाढत जाते, बसल्यावर काही वाटत नाही आणि चालल्यावर किंवा चढल्यावर लागते. खोकला कोरडा असतो, शिट्टीचा आवाज नसतो आणि पंपाने फारसा फरक पडत नाही. पाठीवर खालच्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवला, तर दीर्घ श्वासाच्या शेवटी बुटाची चिकटपट्टी उघडताना होतो तसा बारीक चरचर आवाज ऐकू येतो. आपण केलेले वर्णन दम्यापेक्षा या दुसऱ्या चित्राच्या जवळ जाते. निदान मी येथून करू शकत नाही, परंतु तपासणी लांबवू नये एवढे खात्रीने सांगतो.

रुमॅटॉइड संधिवाताच्या 100 रुग्णांपैकी साधारण 10 जणांना त्रास देण्याइतकी आयएलडी होते, आणि सर्वांचेच बारकाईने सीटी स्कॅन केले तर तिच्या खुणा याहून अधिक जणांत सापडतात. वाढते वय, पुरुष असणे, धूम्रपान आणि रक्तातील अँटी-सीसीपी प्रतिपिंडांचे (संधिवाताच्या निदानासाठी जे तपासतात त्यांचे) जास्त प्रमाण यांमुळे धोका वाढतो. स्त्रियांमध्ये तो तुलनेने कमी असला, तरी संधिवातच स्त्रियांना पुरुषांपेक्षा दोन ते तीन पट अधिक होत असल्याने माझ्यासमोर असे निदान होणाऱ्यांत स्त्रिया पुष्कळ असतात. याशिवाय ज्याचे गुडघे आणि पाऊल दुखते तो मुळातच कमी चालतो, जिना टाळतो, बाजारात जाणे सोडतो, आणि त्यामुळे फुप्फुसांची कमी झालेली ताकद कितीतरी काळ उघड होत नाही. म्हणून संधिवाताच्या रुग्णाने स्वतःहून धाप लागत असल्याची तक्रार केली, तर ती दम्याच्या इतर रुग्णाच्या तक्रारीपेक्षा अधिक गांभीर्याने घ्यावी, असे माझे मत आहे.

आयएलडीखेरीज इतर शक्यताही आहेत. सकाळी भरपूर पिवळा कफ पडत असेल, तर श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या असू शकतात, आणि संधिवातात हे विरळ नाही. एका बाजूला छातीत दुखून दम लागत असेल, तर आवरणात पाणी झालेले असू शकते. आवाज बसला असेल, गिळताना घशात दुखत असेल आणि श्वास आत घेताना आवाज येत असेल, तर स्वरयंत्रातील लहान सांधे सुजलेले असू शकतात. तेही सांधेच आहेत आणि त्यांनाही हा आजार होतो. दम्याचा आवाज प्रामुख्याने श्वास सोडताना येतो, हा फरक घरच्यांनीही लक्षात ठेवण्यासारखा आहे. दीर्घकाळच्या सुजेने रक्तक्षय होतो आणि त्यानेही दम लागतो. हृदयविकाराचा धोका संधिवातात सर्वसामान्यांपेक्षा साधारण दीडपट असतो, म्हणून हृदयाकडे दुर्लक्ष करता येत नाही. आणि क्षयरोगाचा विचार तर आपल्या देशात नेहमीच करावा लागतो, कारण जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे आणि संधिवाताची औषधे प्रतिकारशक्ती कमी करतात. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, की थुंकीची तपासणी करून घ्यावी.

घराच्या खिडकीत, गॅलरीत किंवा एसीच्या मागे कबुतरे बसत असतील, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पक्ष्यांची विष्ठा आणि पिसांची धूळ, तसेच नीट साफ न केलेल्या कूलरमधील बुरशी यांनी फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते आणि ती वर्षानुवर्षे दमा समजली जाऊ शकते. भारतातील आयएलडीच्या 1,084 रुग्णांची नोंद 2017 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतील जवळपास निम्म्या रुग्णांत हाच प्रकार आढळला होता. संधिवात असलेल्या व्यक्तीलाही तो होऊ शकतो, आणि त्याचा पहिला उपचार म्हणजे ते कारण घरातून दूर करणे.

एक शक्यता मात्र उलट्या दिशेची आहे. मोठेपणी सुरू झालेला दमा, सतत चोंदणारे नाक, रक्तात वाढलेल्या इओसिनोफिल पेशी (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी), सांधेदुखी आणि हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा, असे सगळे एकत्र दिसले, तर तो कदाचित रुमॅटॉइड संधिवात नसतोच. रक्तवाहिन्यांना सूज आणणारा एक वेगळाच आजार दमा आणि सांधेदुखी दोन्ही घडवतो. आईंचे निदान आठ वर्षांचे असून बोटांत व्यंग आले आहे, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ही शक्यता कमी वाटते, पण ज्यांचे निदान अजून पक्के नाही त्यांनी ती विचारून घ्यावी.

आता तपासण्या. पहिली फुंकर मारण्याची, म्हणजे स्पायरोमेट्री. ती पंप देण्याआधी आणि दिल्यानंतर, अशी दोनदा झाली पाहिजे. पंपानंतर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा निदान 12 टक्के आणि 200 मिलिलिटरने वाढली, तर दम्याला आधार मिळतो. फुप्फुसात मावणारी एकूण हवाच कमी भरली आणि पंपाने फरक पडला नाही, तर आयएलडीचा संशय बळावतो. तिच्याबरोबर डीएलसीओ ही चाचणी मागून घ्यावी, कारण प्राणवायू रक्तात किती सहज उतरतो हे तिच्यातून समजते आणि आयएलडीत ती लवकर बिघडते. छातीचा साधा एक्स-रे सुरुवातीच्या काळात निर्दोष येऊ शकतो. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर समाधान मानून घरी परतलेले रुग्ण मी पाहिले आहेत आणि त्यांचा मोलाचा काळ वाया गेलेला असतो. धाप वाढत असेल, तर एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसांचे बारीक कापांचे सीटी स्कॅन, हीच योग्य तपासणी आहे. त्यासोबत हिमोग्लोबिन, हृदयाची टूडी एको आणि थुंकी तपासली, की बहुतेक प्रश्नांची उत्तरे मिळतात.

घरी ऑक्सिमीटर असेल, तर तो बसून लावण्यापेक्षा चालून आल्यावर लावावा. करोनाच्या काळात सहा मिनिटे चालण्याची चाचणी महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाली. तिचा उपयोग येथेही आहे. गुडघे दुखत असतील, तर आईंना झेपेल त्या गतीने घरातल्या घरात चालू द्यावे. बसलेले असताना 97 असलेला आकडा चालल्यावर चार किंवा त्याहून अधिक अंकांनी उतरत असेल, तर ती नोंद तारीख घालून लिहून ठेवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. हात गार असतील, नखांना रंग किंवा बोटाला मेंदी असेल, किंवा बोट वाकडे असल्याने यंत्र नीट बसत नसेल, तर आकडा चुकतो. अशा वेळी हात चोळून गरम करावेत आणि त्यातल्या त्यात सरळ असलेले बोट निवडावे.

मेथोट्रेक्सेटबद्दल आपण भीती व्यक्त केली आहे, म्हणून त्याविषयी जरा विस्ताराने लिहितो. दमा आहे एवढ्या कारणाने हे औषध टाळायचे नसते. त्यामुळे फुप्फुसाला अचानक सूज येणे ही गोष्ट खरी आहे, पण विरळ आहे, आणि ती घडलीच तर बहुधा औषध सुरू केल्यापासून पहिल्या वर्षात घडते. त्यात काही दिवसांत ते काही आठवड्यांत ताप, कोरडा खोकला आणि झपाट्याने वाढणारी धाप दिसते. असे झाले तर पुढची मात्रा न घेता तातडीने रुग्णालय गाठावे. याउलट वर्षानुवर्षे सावकाश वाढणाऱ्या आयएलडीचा दोष पूर्वी सर्रास मेथोट्रेक्सेटवर टाकला जाई. अलीकडच्या अभ्यासांतून या समजाला आधार मिळालेला नाही. ताब्यात नसलेला संधिवात फुप्फुसांनाही इजा करतो, त्यामुळे भीतीपोटी स्वतःहून गोळी बंद केली तर सांधे आणि छाती दोन्ही बिघडण्याची शक्यता असते. बंद करायची की नाही, हे सीटी स्कॅन पाहून आपल्या संधिवाततज्ज्ञांनी ठरवावे.

या औषधाबाबत खरा धोका वेगळ्याच ठिकाणी असतो. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले गेले तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात आणि जीवावर बेतते. त्यासाठी वार ठरवून तो पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहावा, दुष्परिणाम कमी करण्यासाठी सोबत दिली जाणारी फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या डबीत ठेवावी आणि रक्त व यकृताच्या तपासण्या सांगितलेल्या अंतराने कराव्यात. छातीच्या संसर्गासाठी कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक मेथोट्रेक्सेटसोबत दिले गेले, तर रक्तपेशी धोकादायकरीत्या कमी होऊ शकतात, म्हणून ही जोडी टाळावी लागते. दम्यासाठी थिओफायलिन असलेली गोळी (आपल्याकडे डेरिफायलिन नावाने ती घराघरांत माहीत आहे) चालू असेल, तर मेथोट्रेक्सेटमुळे तिचे रक्तातील प्रमाण वाढू शकते, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनने तर ते निश्चित वाढते. मळमळ, हात थरथरणे आणि छाती धडधडणे ही त्याची लक्षणे आहेत. ही गोळी छातीच्या डॉक्टरांनी लिहिलेली असते आणि सांध्यांच्या डॉक्टरांना तिची माहिती नसते. म्हणूनच आपल्या दोन डॉक्टरांच्या दोन फायली एक कराव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. दोघांची औषधे, पंप, डोळ्यांचे थेंब, मलम, काढा आणि चूर्णासह सगळे एकाच कागदावर लिहावे आणि प्रत्येक भेटीत तो कागद समोर ठेवावा. डोळ्यांच्या थेंबांचा उल्लेख मुद्दाम केला, कारण काचबिंदूसाठी वापरले जाणारे टिमोलॉलचे थेंब दम्याचा झटका आणू शकतात आणि ते औषधात धरण्याची सवय कोणालाच नसते.

वेदनाशामकांबाबत आपली शंका रास्त आहे. दमा असलेल्या प्रौढांपैकी साधारण 7 टक्के जणांना ॲस्पिरिन आणि त्याच जातीची औषधे सोसत नाहीत. ज्यांचा दमा तीव्र आहे, ज्यांच्या नाकात मांसल वाढ आहे किंवा ज्यांना वास येत नाही, त्यांच्यात हे प्रमाण जास्त असते. गोळी घेतल्यापासून अर्ध्या तासात ते तीन तासांत नाक वाहू लागते, डोळे लाल होतात आणि दम्याचा जोरदार झटका येतो. हा त्रास एका औषधाने झाला तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या सर्वांनी होऊ शकतो. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन, कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असते आणि व्होवेरान म्हणजे डायक्लोफेनॅक, हे पाकिटावरच्या ठळक नावावरून कळत नाही, म्हणून खालचे बारीक अक्षरांतले नाव वाचावे. आईंनी आजवर या गोळ्या घेतल्यावर कधी दमा उठला का, हे शांतपणे आठवून पाहावे. तसे झाले नसेल, तर सरसकट बंदीची गरज नाही, पण प्रकृतीत हा बदल मोठ्या वयातही घडतो, त्यामुळे सावधगिरी सोडू नये. ज्यांना त्रास होतो त्यांना पॅरासिटामॉल एका वेळी 1000 मिलिग्रॅमच्या आत बहुधा चालते. एटोरिकॉक्सिब किंवा सेलेकॉक्सिबसारखी औषधे बहुतेकांना सोसतात, परंतु त्यांची पहिली मात्रा दवाखान्यात, देखरेखीखाली घ्यावी आणि रक्तदाब, मूत्रपिंड व हृदय यांची स्थिती आधी पाहावी. वेदनाशामक वारंवार लागत असेल, तर त्याचा अर्थ मूळ संधिवात ताब्यात नाही असा असतो. त्यावर उत्तर गोळ्यांचा शोध हे नाही. आजार नियंत्रणात ठेवणाऱ्या औषधाचा फेरविचार करावा लागतो.

स्टेरॉइडची गोष्ट थोडी नाजूक आहे, कारण ते दोन्ही आजारांना आराम देते. दम्यासाठी एकाने चार दिवसांचा कोर्स लिहावा, सांधे सुजले म्हणून दुसऱ्याने आठवडाभर लिहावे, आणि रुग्णाने उरलेल्या गोळ्या जपून ठेवून दुखेल तेव्हा घ्याव्यात, असे होत राहते आणि वर्षाचा एकूण हिशोब कोणाकडेच नसतो. त्याने साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, संसर्ग सहज होतो आणि क्षयाची लक्षणे झाकली जातात. ‘संधिवात आणि दमा मुळापासून बरा करणारे’ म्हणून पुडीत मिळणारे, घटक न लिहिलेले चूर्ण दोन दिवसांत चमत्कारासारखा गुण देऊ लागले, तर त्यात स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शक्यता धरावी. अशी भेसळ आपल्या देशात अनेकदा उघड झाली आहे. कोजागिरीच्या रात्री खिरीतून मिळणाऱ्या दम्याच्या औषधावर ज्यांची श्रद्धा आहे, त्यांच्या श्रद्धेला मी नावे ठेवत नाही, परंतु त्या भरवशावर नेहमीची औषधे बंद करू नयेत, हे मात्र हात जोडून सांगतो. स्टेरॉइडच्या गोळ्या बराच काळ घेतल्या असतील, तर त्या एकदम थांबवणेही धोक्याचे असते, कारण शरीराची स्वतःची निर्मिती मंदावलेली असते. त्या टप्प्याटप्प्यानेच कमी कराव्या लागतात. आईंच्या वयात हाडांची डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी, तपासणी करून घ्यावी. हाडांसाठी अलेंड्रोनेट दिले गेले, तर ते भरपूर पाण्यासोबत उपाशीपोटी घेऊन नंतर अर्धा तास सरळ बसावे, नाहीतर अन्ननलिकेला इजा होऊन जळजळ वाढते, आणि वर येणारे आम्ल दमाही वाढवते.

पंपातील स्टेरॉइडला मात्र घाबरू नये. त्याचे मोजमाप मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ते थेट श्वासनलिकेत पोहोचते. ‘पंपाची सवय लागते’ या गैरसमजापायी लोक पंप सोडून गोळ्या घेतात आणि स्टेरॉइड टाळण्याच्या नादात शरीरात त्याचीच कितीतरी मोठी मात्रा जाते. केवळ सालब्युटामॉलच्या, म्हणजे तात्पुरता आराम देणाऱ्या, पंपावर दमा सांभाळण्याची जुनी पद्धतही आता योग्य मानली जात नाही. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी 2019 पासून प्रौढांसाठी स्टेरॉइड असलेला पंपच पायाभूत मानला आहे. पंपानंतर चूळ भरली, की तोंडात बुरशी येण्याची शक्यता कमी होते.

आईंची मुख्य अडचण कदाचित पंपातल्या औषधापेक्षा त्यांच्या बोटांत असेल. पंप दाबायला अंगठा आणि तर्जनीत जोर लागतो, आणि दाबण्याच्या क्षणीच श्वास ओढावा लागतो. सुजलेल्या सांध्यांना हे जमत नाही, औषध जिभेवरच राहते आणि मग पंप लागू पडत नाही असे वाटू लागते. म्हणून मात्रा वाढवण्याआधी त्यांना डॉक्टरांसमोर पंप घेऊन दाखवायला सांगा. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला, तर दाबणे आणि श्वास घेणे एकाच क्षणी जुळवावे लागत नाही. तो टेबलावर टेकवून दोन्ही हातांनी, किंवा घरच्या कोणी, पंप दाबून दिला तरी चालतो. श्वास ओढताच आपोआप फवारा सोडणारे पंप भारतात मिळतात आणि अशा हातांना ते सोयीचे असतात. कॅप्सूल घालून फिरवायचे कोरड्या पावडरीचे उपकरण स्वस्त असले, तरी पाकिटातून कॅप्सूल काढणे, बसवणे आणि उपकरण फिरवणे ही वाकड्या बोटांची परीक्षाच असते. शिवाय त्याला जोरात श्वास ओढावा लागतो, जे दम भरलेला असताना जमत नाही. यांपैकी काहीच शक्य नसेल, तर नेब्युलायझर घ्यावा, परंतु त्याची नळी आणि मुखवटा रोज धुवावा लागतो.

पहाटेची वेळ या दोन्ही आजारांत कठीण असते. दमा रात्रीच्या उत्तरार्धात बळावतो आणि संधिवाताने सांधे सकाळी उठल्यावर तासभर किंवा अधिक आखडलेले असतात, म्हणजे पंपाची सर्वाधिक गरज असते त्याच वेळी हात सर्वात असमर्थ असतात. स्पेसर लावलेला पंप रात्रीच उशाशी तयार ठेवावा, त्याचे झाकण सैल करून ठेवावे आणि संध्याकाळची मात्रा चुकवू नये. उठल्यावर कोमट पाण्यात हात बुडवून मग कामाला लागावे, आणि झाडलोट, पीठ चाळणे, मिरचीची फोडणी ही कामे घरातील दुसऱ्या कोणी करावीत. डास घालवण्याची कॉइल आणि देवघरातील उदबत्ती बंद खोलीत लावू नये. घरात कोणी बिडी किंवा सिगारेट ओढत असेल, तर ती पूर्ण थांबली पाहिजे. धूम्रपान दम्याला वाईट आहे हे सर्वांना ठाऊक असते, पण संधिवात होण्याचे आणि औषधांना दाद न देण्याचेही ते मोठे कारण आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

प्राणायाम करण्यास हरकत नाही. सावकाश, खोल श्वसन दोन्ही आजारांत उपयोगी पडते. कपालभाती मात्र दम उठलेला असताना करू नये. शीर्षासन, सर्वांगासन आणि हलासन यांना माझा स्पष्ट विरोध आहे, आणि मान मोडून घेण्याला किंवा मानेला झटका देणाऱ्या मालिशीलाही. दीर्घकाळच्या रुमॅटॉइड संधिवातात मानेच्या सर्वात वरच्या दोन मणक्यांमधील बंध सैल होतात आणि मणका सरकून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो.

पुढे संधिवातासाठी जैविक इंजेक्शने (प्रतिकारशक्तीतील ठरावीक दुवा रोखणारी औषधे) किंवा नव्या गोळ्या सुरू करण्याची वेळ आली, तर त्याआधी लपलेल्या क्षयाची तपासणी झालीच पाहिजे: छातीचा एक्स-रे आणि त्वचेची किंवा रक्ताची चाचणी. सीटी स्कॅनमध्ये आयएलडी दिसली, तर लेफ्लुनोमाइडसारखी काही औषधे सहसा टाळली जातात, रिटुक्सिमॅब किंवा अबाटासेप्ट यांचा विचार होतो, आणि व्रण वाढत असतील तर निंटेडॅनिबसारखे ती वाढ मंदावणारे औषध जोडता येते. झालेले व्रण त्याने पुसले जात नाहीत, आणि तपासणीची घाई करा असे मी वारंवार म्हणतो ते यासाठीच. लसींपैकी फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकॉकलची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, म्हणून लस एप्रिल किंवा मे महिन्यात घेतलेली बरी. सांधे शांत असतील, तर फ्लूच्या लशीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवल्याने लस अधिक लागू पडते. हे आपल्या डॉक्टरांना विचारून करावे.

एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, पंपाचा आराम चार तासही टिकत नसेल, ऑक्सिजन 92 च्या खाली गेला असेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा धापेसोबत ताप चढत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.

आता गुडघ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल. संधिवात आणि दमा असूनही ती अनेकांची उत्तम पार पडते, आणि चालता येऊ लागल्यावर श्वासाची क्षमताही सुधारते, त्यामुळे मी तिला नाही म्हणणार नाही. परंतु धापेचे कारण कळेपर्यंत तारीख घेऊ नये. कारण कळल्यावर आणि दमा काही आठवडे शांत राहिल्यावर, भूलतज्ज्ञांची भेट शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी न घेता आधीच घ्यावी. त्यांना मानेचा एक्स-रे, मान पुढे आणि मागे वाकवून काढलेला, दाखवावा, कारण पूर्ण भूल देताना मान मागे करावी लागते. बहुतेकदा कमरेतून भूल देऊन हा प्रश्न टाळता येतो. स्वरयंत्राचा त्रास किंवा आवाज बसण्याची तक्रार असेल तर तीही सांगावी. मेथोट्रेक्सेट अशा शस्त्रक्रियेसाठी सहसा थांबवावे लागत नाही. जैविक इंजेक्शनांची मात्रा मात्र ठरावीक काळ पुढे ढकलावी लागते. गेल्या वर्षभरात स्टेरॉइडच्या गोळ्या किती आणि केव्हा घेतल्या, हे लेखी द्यावे. शस्त्रक्रियेनंतर दुखणे थांबवण्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा केटोरोलॅकचे इंजेक्शन देण्याची पद्धत आहे. आईंना या जातीच्या औषधांचा कधीही त्रास झालेला असेल, तर केसपेपरच्या पहिल्या पानावर तो लाल शाईने लिहून घ्यावा. शस्त्रक्रियेच्या सकाळी नेहमीचा पंप चुकवू नये आणि तो स्पेसरसह सोबत न्यावा. शक्य असल्यास आधीचे तीन-चार आठवडे मांडीच्या स्नायूंचे आणि श्वासाचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत, कारण शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे राहताना हाताच्या बोटांवरही भार येतो. आईंचे मनगट आणि बोटे पाहता साधा वॉकर त्यांना धरता येणार नाही, म्हणून कोपरापासूनचा हात टेकवता येईल असा वॉकर आधीच मागवून ठेवावा.